घरच्या पाचवीचं टाइमटेबल

आधी माफी मागून घेते. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि अक्षर तर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. दिवसभर हात कणकेत असतो, त्यामुळे पेन धरला की बोटं लाटणं धरल्यासारखी आवळतात. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच, तर चुका बाजूला ठेवून वाचावं.

लिहायला बसले ते ढाळ्यांमुळं. आज सकाळी मेसकडं जाताना कोपऱ्यावर गाडा उभा होता. हरभऱ्याचे हिरवेगार ढाळे, मुळांना अजून काळी माती चिकटलेली, वर दव. पोरी क्लासला जाता जाता एकेक पेंढी घेत होत्या आणि रस्त्यावर घाट्यांची टरफलं पडत होती. त्या आंबूस वासानं मी तिथंच थांबले. दोन वर्षांपूर्वीचा अख्खा हिवाळा त्या वासात होता. त्या हिवाळ्यात माझी विशाखा पाचवीत होती आणि तिची पाचवी आमच्या पत्र्याच्या खोलीत भरत होती.

लातूरला क्लासेसच्या भागात एका मेसमध्ये मी स्वयंपाक करते. डॉक्टर व्हायला आलेल्या साठेक पोरींचं दोन वेळचं जेवण. मेसच्या मागंच आमची खोली. विशूचे पप्पा गवंडीकाम करतात, सकाळी जातात ते दिवस मावळल्यावर येतात. त्या वर्षी दिवाळीच्या आधी विशूचे डोळे सुजले. आम्हाला वाटलं, जागरण झालं असेल. मग पाय सुजले, चपलेचा पट्टा बसेना. इथल्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. तिथं कळलं की लघवीतून अंगातलं प्रोटीन जातंय. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, "मीठ बंद, गर्दी बंद. सर्दी-खोकल्याच्या पोरांत बसली तर परत सुजेल. शाळा चार-सहा महिने विसरा."

परत येताना एसटीत विशू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. अहमदपूर गेलं तरी माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता, विसरा. शाळा विसरली की काय होतं ते मला ठाऊक होतं. माझं माहेर मुखेडकडं. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला ओढ्यापलीकडच्या गावात जावं लागायचं. त्या वर्षी ओढ्याला पाणी जास्त होतं, म्हणून वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. वडील वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटलं होतं की पुढच्या वर्षी बघू. पण एक वर्ष घरी राहिलेल्या पोरीला शेतातली दहा कामं चिकटतात, आणि पुढचं वर्ष येतं तेव्हा तिला कुणी विचारत नाही.

मी शाळेत सांगायला गेले, तर विशूच्या वर्गाच्या बाई मात्र विसरायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "पाचवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावंच लागतं. न्हाई झाली तर परत पाचवीत बसावं लागंल. तुम्ही घरी अभ्यास घ्या. मी दर शनिवारी फोनवर सांगीन कुठपर्यंत आलो ते. पेपरच्या दिवशी आणा, मी तिला वेगळं बसवते." मी मान हलवली. मला म्हणायचं होतं, बाई, पाचवी मी पाहिलेलीच नाही, घेऊ कशी? पण मला चार माणसांत बोलायला जमत नाही. मी बरं म्हणून आले.

मी निघताना बाईंनी एक सांगितलं होतं, टाइमटेबल करा.

आता टाइमटेबल म्हटल्यावर लातूरच्या बाईच्या डोळ्यांपुढं काय येणार? आमच्या मेसच्या वर पोरींच्या खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एक कागद. लाल, निळ्या, हिरव्या पेनानं आखलेला. साडेचारला उठण्यापासून साडेअकराला झोपण्यापर्यंत एकही घटका मोकळी नाही. मला वाटायचं, हा कागद आहे म्हणून पोरी डॉक्टर होतात. देगलूरची श्रावणी नावाची पोरगी होती, तिचा कागद सगळ्यांत देखणा. ती आजारी असताना तिचा डबा वर न्यायचे, तेव्हा मी तो कागद डोळ्यांत भरून घेतला होता. एका दुपारी पोरी क्लासला गेल्यावर मी वर गेले आणि उभ्या उभ्या उतरवून काढला.

बायोच्या जागी परिसर अभ्यास लिहिलं. फिजिक्सच्या जागी गणित, केमिस्ट्रीच्या जागी मराठी. उठायची वेळ तेवढी पुढं ढकलली. पण दोन शब्दांचं काय करायचं ते कळेना, म्हणून ते तसेच ठेवले. डाउट आणि मॉक टेस्ट.

पहिल्या दिवशी विशू शहाण्यासारखी बसली. मी सकाळच्या पोळ्या लाटून साडेदहाला धावत खोलीवर आले, तर ती पेन्सिल खाली ठेवून भिंतीकडं बघत बसलेली.

"काय करायलीस गं?"

"डाउट चालूय."

"म्हंजे?"

"मला काय माहीत. साडेधा ते पावणेअकरा डाउट लिवलंयस. मी बसलेय, अजून आला न्हाई."

मला हसू आलं, पण हसले नाही. मास्तरीण हसत नसते, अशी माझी समजूत. म्हटलं, "येईल. बस."

परवा मी विशूला विचारलं, तुला त्या वर्षातलं काय आठवतं? तर तिला सुया आठवत नाहीत, गोळ्या आठवत नाहीत, फक्त डाउटची वाट बघणं आठवतं. आता सातवीत आहे. वर्गात कुणी प्रश्न विचारायला हात वर केला की हिला हसू फुटतं म्हणे.

तेव्हा मात्र मला त्या कागदाचं वेड लागलं होतं. आजारी पोराचा दिवस कागदात बसत नाही, हे कळायला मला फार वेळ लागला. त्या गोळ्यांनी तिला राक्षसासारखी भूक लागायची. गणिताच्या चौकोनात भूक लागायची, मराठीच्या चौकोनात रडू यायचं, आणि खेळाच्या चौकोनात गाढ झोप. रोज सकाळी लघवीत कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा असायचा. पिवळी राहिली तर बरं, हिरवी झाली तर वाईट. हिरवट दिसली की त्या दिवशी माझंच कशात ध्यान लागायचं नाही, तिचं काय लागणार? मग रात्री मेसवरून आल्यावर मी पुसून नवे चौकोन आखायची. अर्ध्या तासाचे पाव तासाचे केले. वाटलं, बारीक केलं तर सांडणार नाही. जितकं बारीक केलं तितकं जास्त सांडायला लागलं.

विशूचे पप्पा कामावरून येऊन हातपाय धुऊन बघत बसायचे. एकदा म्हणाले, "काय मास्तरीणबाई, पोरीचा अभ्यास कवा हाय?"

"दिसंना का? आखायलेय न्हवं."

"आखणं दिसायलंय. अभ्यास इचारलो मी."

मला राग आला. पण राग आला तरी मला बोलता येत नाही, मी भांडी घासायला घेते. त्या हिवाळ्यात आमची भांडी लई लख्ख होती.

आता कळतं की ते बारीक चौकोन विशूसाठी नव्हतेच. सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास मी मेसवर असायची. ती एकटी, दार लोटून, सुजलेल्या तोंडानं. मी नसताना माझ्या जागी कुणीतरी बसावं म्हणून मी कागद बसवला होता. भीती जितकी मोठी, चौकोन तितका बारीक. ओढ्याचं पाणी अडवायला बाई मुठीमुठीनं माती टाकते ना, तसं.

मग तो दिवस आला. मी दुपारी आले, तर कागदावरच्या सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा. एकही सुटलेली नाही. मला इतका आनंद झाला की मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, दाखव वही. वही कोरी. गणिताचं पुस्तक सकाळी ठेवलं होतं तिथंच, तसंच.

"ह्या खुणा कशाच्या गं मग?"

तिनं पेन्सिल पुस्तकाखाली सरकवली. मग म्हणाली, "तू रोज आल्यावर आधी खुणाच बघतेस. म्हणून आधी त्या करून टाकल्या."

"अन् अभ्यास?"

"मला झोप आलती, मम्मी. झोपेचा चौकोन चारला हाय." मग तोंड फिरवून, हळूच, "तुला काय कळतंय पाचवीचं. तू तर चौथीच हायस."

ती खोटं बोलली नव्हती. मी उठले, तिच्यासाठी बिनमिठाचं वरण गरम केलं. साठ पोरींच्या वरणात मीठ घालणारा माझा हात रोज माझ्याच पोरीच्या ताटाशी आला की आवरून धरावा लागायचा. तिनं ते बेचव वरण खाल्लं. बाहेर ढाळेवाल्याची हाळी आली, तेव्हा विशूच म्हणाली, "मम्मी, ढाळे घे ना. त्याला मीठ लागत न्हाई."

दारात बसून आम्ही घाटे सोलत होतो, तेवढ्यात श्रावणी आली. तिला जेवायला उशीर झाला होता, मेसमध्ये कुणी दिसलं नाही म्हणून मला बोलवायला आली. विशूपासून लांबच उभी राहायची, तिला सर्दी असो नसो. समजदार पोरगी. दारातून तिची नजर आत भिंतीवर गेली.

"मावशी, हे तर माझं टाइमटेबल हाय."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. चोरी पकडल्यावर काय बोलणार? पण ती हसायला लागली. इतकी हसली की उंबऱ्यापाशी खालीच बसली. "परिसर अभ्यासाची मॉक टेस्ट! अय्यो देवुडा. मावशी, हे मी सुदा पाळत न्हाई ओ."

"मग लावलंय कशाला एवढं?"

"पप्पांसाठी. रविवारी येतेत देगलूरहून. पोरगी कशी हाय ते मला बघून कळत न्हाई त्यांना. भिंत बघतेत, मान हलवतेत, समाधानानं गाडीत बसतेत. त्यांची पण चूक न्हाई. एवढ्या लांबून दुसरं काय बघणार?"

"मग तू अभ्यास कसा करतीस?"

"सकाळी उठून बघते, काल काय अडलं. ते आधी करते. मग जमंल तसं." मग विशूकडं बघून म्हणाली, "तुझा डाउट काय हाय गं?"

विशूनं घाटा तोंडात टाकला आणि म्हणाली, "माझा डाउट असा हाय की मम्मी मला बाहेर कवा सोडणार."

आम्ही तिघी हसलो. किती दिवसांनी हसलो होतो. श्रावणीला जेवायला वाढताना मी तिच्या ताटात एक पोळी जास्त टाकली. ती आता कुठं आहे ते मला ठाऊक नाही. पण तिच्या वडलांची आठवण मला जास्त येते. दर जूनमध्ये नव्या पोरी येतात, भिंतीवर कागद चिकटवतात, आणि रविवारी वडीलमंडळी येऊन ते वाचतात. पूर्वी मला तो कागद मोठा वाटायचा. आता त्या बापांची वाकलेली मान दिसते. मीही दोन महिने तेच वाचत होते, आणि एवढ्या लांबून नाही, एकाच खोलीत राहून.

कागद मी त्या रात्री काढून टाकला. आणि मग, खरं सांगते, दुसऱ्या टोकाला गेले. काहीच ठरवायचं नाही. विशूला वाटेल ते पुस्तक, वाटेल तेव्हा. पहिले आठ-दहा दिवस सोन्यासारखे गेले. तिनं मराठीचं पुस्तक उलटंपालटं वाचून काढलं, नकाशात नांदेड ते लातूर रेघ ओढून वाटेतली गावं लिहिली, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. मला वाटलं, झालं की. कशाला ते चौकोन?

शनिवारी बाईंचा फोन आला. "अपूर्णांक कुठपर्यंत आले?"

विशू माझ्याकडं बघायला लागली, मी विशूकडं. अपूर्णांकाचं पान आम्ही दोघींनीही उघडलं नव्हतं. तिला ते कळत नव्हतं आणि मला कळत नाही हे तिला कळू नये म्हणून मीही ते पान टाळत होते. ठरवलं नाही की आवडीचं आपोआप होतं आणि भीतीचं आपोआप राहतं.

त्या दिवशी संध्याकाळी मेसमध्ये उद्यासाठी चवळी निवडत होते. पाटावर चवळी पसरली होती आणि डोक्यात अपूर्णांक. मेसच्या भिंतीवरही एक फळा आहे, सोमवारी वांगं, मंगळवारी बटाटा असं लिहिलेला. पण कोणती भाजी करायची ते मी फळ्यावर बघून ठरवत नाही. सकाळी बाजारातून काय आलं, किती कोवळं आहे, ऊन किती आहे, पोरींची परीक्षा आहे का, ते बघून हात ठरवतो. आदल्या रात्री ठरवावं लागतं ते फक्त भिजत घालायचं. चवळी, मटकी, हरभरे. ते आज विसरलं तर उद्या कितीही जाळ घातला तरी शिजत नाही. बाकी सगळं सकाळी होतं.

मला वाटलं, पोरीच्या अभ्यासातही असंच असणार. ज्याला भिजायला वेळ लागतो ते आदल्या दिवशी ठरवावं. बाकी सकाळवर सोडावं.

मग आमचं ठरलं. रोज रात्री झोपताना मी विशूला एकच गोष्ट विचारायची, उद्याचं अवघड काय? ती सांगायची. ते सकाळी पट्टीचा रंग बघितल्यावर, न्याहारीच्या आधी, मी मेसवर जायच्या आत दोघींनी मिळून करायचं. कळलं नाही तरी अर्धा तास त्याच्यापाशी बसायचं. बाकी दिवस तिचा. भूक लागली तर खा, झोप आली तर झोप, नकाशे काढ, ढाळे सोल. पट्टी हिरवी असेल त्या दिवशी अवघडही नाही, नुसतं मी तिला वाचून दाखवायचं. एवढंच. कुठं लिहिलंही नाही.

अपूर्णांकापाशी आम्ही किती सकाळी बसलो. बाहेर धुकं, पत्र्यावरून पाणी ठिबकायचं, स्टोव्हवर चहाचं आधण, आणि आम्ही दोघी गोधडी पांघरून छेद आणि अंश यांच्याकडं बघत. बाईंनी शनिवारी फोनवर समजावलं, ते मला निम्मं कळलं. विशूला आधी उजेड पडला. मग ती मला शिकवायला लागली.

"मम्मी, ह्याचे छेद येगळे हायत. तसंच कसं मिळवतीस? आधी सारखे कर."

"किती वेळा करू?"

"येईपर्यंत. तू मला सोडलीस का?"

पाटीवर मी चुकायची, ती पुसायची. तिच्या सुजलेल्या गालांवर पहिल्यांदा काहीतरी वेगळं दिसलं. आजारी पोराकडं सगळे वरून वाकून बघतात. ती त्या सकाळी माझ्याकडं वरून वाकून बघत होती. पुढं मला समच्छेद करता आला तेव्हा ती टाळी वाजवून म्हणाली, "आता तू पाचवीत गेलीस." मी चहा ओतायला उठले, कारण डोळे भरून आले होते आणि मला ते दाखवायचे नव्हते.

मी त्या हिवाळ्याची उतराई कशी होऊ? आजार वाईटच होता, त्याला चांगलं कोण म्हणेल? पण त्यानं मला माझ्या पोरीपाशी रोज सकाळी अर्धा तास बसवलं. आता ती सातवीत आहे, सकाळी वेणी घालून घेते तेवढाच वेळ तिला असतो, आणि तो बरोबर आहे. त्या बाईंची मी ऋणी आहे. प्रत्येक शनिवारी स्वतःच्या घरच्या कामातून त्यांनी आम्हाला फोन केला. त्यांनी एकदाही विचारलं नाही की टाइमटेबल केलं का. नुसतं विचारायच्या, कुठं अडलंय.

हळूहळू पट्ट्या पिवळ्याच राहायला लागल्या. गोळ्या निम्म्या झाल्या, मग पाव झाल्या. विशू म्हणाली, बघ, गोळ्यांचे पण अपूर्णांक. गाल उतरले. होळी झाली, ऊन तापायला लागलं. शेवटच्या आठवड्यात मला परत रेघा मारायची सुरसुरी आली होती. पेनही काढला होता. विशू म्हणाली, "मम्मी, भ्यालीस का?" मी पेन ठेवून दिला.

पेपरच्या दिवसांत बाईंनी तिला व्हरांड्यात खिडकीशी वेगळं बसवलं, तोंडाला मास्क. मी फाटकाबाहेर लिंबाखाली. मेसमधून रोज सुट्टी मागणं मला जड गेलं, पण मालकीणबाई म्हणाल्या, "जा, मी लाटते. करपल्या तर पोरी दोन दिवस खातील." गणिताच्या पेपरला विशू बाहेर आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही. मास्क होता, बघून काय कळणार? डोळ्यांकडं बघितलं. ती म्हणाली, "एक न्हाई आलं. बाकी आलं." मी म्हटलं, "मग लई आलं."

निकालाच्या दिवशी आई-बापांची रांग होती. मी सगळ्यांच्या मागं. आमची पाळी आली तेव्हा बाईंनी कागद पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "पास हाय. सहावीत." मला काहीतरी बोलायचं होतं. रात्रभर मनात जुळवलं होतं, बाई तुमच्यामुळं, असं काहीतरी. तोंडातून फक्त "बरं" निघालं. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना कळलं.

फाटकातून बाहेर आलो. रस्ता तापला होता, सावली कुठंच नव्हती. विशू पुढं पुढं उड्या मारत चालली होती, सहा महिन्यांत तिला असं चालताना पाहिलं नव्हतं. मग ती थांबली, मागं वळून म्हणाली,

"मम्मी, आता सुट्टीत काय करायचं?"

मी क्षणभर विचार केला. डोक्यात काहीच आलं नाही, आणि त्याची भीतीही वाटली नाही.

"मला ठाऊक न्हाई गं," म्हटलं.

ती खूश होऊन परत पुढं पळाली. मीही तिच्या मागं चालत राहिले.